क्यू तापाचा शोध : गोचिडीपासून धुळीपर्यंत

वैद्यकाच्या इतिहासात रोगांना नावे मिळाली ती कधी गावांवरून, कधी शास्त्रज्ञांवरून, तर कधी लक्षणांवरून. एका रोगाला मात्र चक्क शंकेचे नाव मिळाले. 'क्यू ताप' या नावातील 'क्यू' हे 'क्वेरी', म्हणजे प्रश्न किंवा शंका, या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. कारण कळेपर्यंत वापरायचे म्हणून हे नाव १९३७ साली सुचवले गेले. कारण वर्षभरातच कळले, पण नाव तेच राहिले. हा रोग जनावरांकडून माणसापर्यंत नेमका कोणत्या वाटेने येतो, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला आणखी बारा-पंधरा वर्षे लागली. ते मिळाल्यावरही त्याची पुरती किंमत कळण्यासाठी एका समृद्ध युरोपीय देशाला हजारो रुग्णांची साथ सोसावी लागली. भारतात तर हा प्रश्न आजही पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही.

ब्रिस्बेनचा कत्तलखाना

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड हा पशुपालनाचा प्रांत. त्याची राजधानी ब्रिस्बेन. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील कत्तलखान्यातील कामगारांना एक विचित्र ताप येऊ लागला. अचानक हुडहुडी भरे, डोके असह्य दुखे, अंग मोडून येई, भूक मरे. ताप आठवडाभर, कधी तीन आठवडेही टिके. बहुतेक जण बरे होत, पण काही आठवडे त्यांना काम करता येत नसे. विषमज्वर, ब्रुसेलोसिस, टायफस, लेप्टोस्पायरोसिस अशा ओळखीच्या तापांच्या तपासण्या केल्या, तर त्या नकारार्थी येत.

ऑगस्ट १९३५ मध्ये क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्याचे प्रमुख राफाएल सिलेंटो यांनी हे कोडे एडवर्ड हॉलब्रुक डेरिक यांच्याकडे सोपवले. डेरिक हे खात्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र व विकृतिशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक होते. प्रयोगशाळा लहान, साधने मर्यादित. डेरिक यांनी तापात असलेल्या रुग्णांचे रक्त गिनीपिगांना टोचले. त्या प्राण्यांनाही ताप आला. एका गिनीपिगाकडून दुसऱ्याकडे तो नेता येत होता आणि बऱ्या झालेल्या प्राण्याला पुन्हा टोचले तर ताप येत नव्हता. याचा अर्थ स्पष्ट होता : हा एक स्वतंत्र संसर्ग होता आणि तो शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण करत होता. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नव्हते आणि नेहमीच्या पोषक माध्यमांवर काहीच वाढत नव्हते.

डेरिक यांनी आपले निष्कर्ष १९३७ साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. नाव काय द्यावे, हा पेच होता. 'कत्तलखान्याचा ताप' म्हटले तर मांसव्यवसायाला ते रुचणारे नव्हते. 'क्वीन्सलँडचा ताप' म्हटले तर साऱ्या प्रांताच्या नावाला बट्टा लागला असता. डेरिक यांनी 'क्यू' हे एकच अक्षर पुरेसे मानले. पुढे अनेकांनी ते क्वीन्सलँडचेच आद्याक्षर समजले, हा भाग निराळा.

दरम्यान डेरिक यांनी आजारी गिनीपिगांच्या यकृताचे नमुने मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्याकडे पाठवले होते. प्रतिरक्षाशास्त्रातील कामासाठी १९६० साली नोबेल पारितोषिक मिळवणारे बर्नेट ते हेच. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी मेव्हिस फ्रीमन यांनी उंदरांना हे नमुने टोचले. उंदरांच्या प्लीहेतील पेशींत त्यांना अगदी बारीक, दांडीसारखे सूक्ष्मजीव दाटीवाटीने बसलेले दिसले. हे रिकेट्सिया गटातले असावेत, असे त्यांनी १९३७ मध्येच मांडले. रिकेट्सिया म्हणजे केवळ दुसऱ्याच्या पेशीत वाढू शकणारे जिवाणू. टायफसचे जिवाणू याच गटातले. नेहमीच्या माध्यमावर डेरिक यांना काही का सापडले नव्हते, याचा उलगडा झाला.

मोंटानाची गोचीड

याच सुमारास हजारो मैल दूर, अमेरिकेतील मोंटाना राज्यात, दुसरेच शास्त्रज्ञ दुसऱ्याच प्रश्नावर काम करत होते. हॅमिल्टन येथील रॉकी माउंटन प्रयोगशाळा ही गोचिडींमुळे होणाऱ्या 'रॉकी माउंटन ठिपक्यांच्या तापा'च्या अभ्यासासाठी प्रसिद्ध होती. १९३५ मध्ये नाइन माइल नावाच्या परिसरातून गोळा केलेल्या गोचिडी गिनीपिगांवर सोडल्या गेल्या. प्राण्यांना ताप आला, पण तो अपेक्षित ठिपक्यांचा ताप नव्हता. गॉर्डन डेव्हिस आणि हेराल्ड कॉक्स यांनी या अनोळखी जंतूचा माग काढला. तो जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळण्यांतूनही पार जाई. १९३८ साली कॉक्स यांनी तो कोंबडीच्या फलित अंड्याच्या बलकपिशवीत वाढवून दाखवला. पेशीबाहेर न वाढणारे जंतू मुबलक प्रमाणात मिळवण्याची ही युक्ती पुढे लसनिर्मितीसाठी फार मोलाची ठरली.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील रोला डायर यांना या दाव्याबद्दल शंका होती. खात्री करून घेण्यासाठी ते मे १९३८ मध्ये स्वतः हॅमिल्टनला गेले. परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना थंडी वाजून ताप भरला. त्यांचे रक्त गिनीपिगांना टोचले तेव्हा तोच जंतू सापडला. बर्नेट यांच्याकडून आलेले ऑस्ट्रेलियातील नमुने डायर यांच्याकडे होतेच. एका जंतूपासून बरे झालेले प्राणी दुसऱ्यापासूनही सुरक्षित राहतात, असे तुलनेत दिसले. ब्रिस्बेनच्या कामगारांचा ताप आणि मोंटानाच्या गोचिडीतील जंतू एकच होते. शंका घेणाऱ्या शास्त्रज्ञाच्याच शरीराने ती शंका मिटवली.

या जंतूला आधी रिकेट्सिया गटात ठेवले गेले. १९४८ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती मान्य झाली आणि कॉक्स व बर्नेट या दोघांची नावे एकत्र येऊन तो 'कॉक्सिएला बर्नेटी' झाला. ज्यांनी रोग प्रथम ओळखला त्या डेरिक यांचे नाव मात्र त्यात नाही. पुढे जनुकीय अभ्यासातून कळले की हा जिवाणू रिकेट्सियांचा जवळचा नातलग नाहीच. न्यूमोनियाला कारण होणाऱ्या लेजिओनेला जिवाणूशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

चावा की श्वास?

जंतू गोचिडीत सापडला होता आणि नात्यातले वाटणारे जंतू गोचीड, ऊ, पिसवा यांच्यामार्फत पसरत होते. त्यामुळे क्यू तापही चाव्यातूनच होत असणार, असे मानणे स्वाभाविक होते. ऑस्ट्रेलियात डेरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बँडिकूट या लहान शिशुधानी प्राण्यात आणि त्याच्या अंगावरील गोचिडीत हा जंतू शोधून काढला. रानातला बँडिकूट, त्यावरील गोचीड, तिच्यापासून गाय आणि गाईपासून कामगार, अशी साखळी जुळत होती.

मात्र काही घटना या साखळीत बसत नव्हत्या. १९४० साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका इमारतीत पंधरा जणांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला. कारण क्यू तापाचेच निघाले. त्या इमारतीत या जंतूवर संशोधन चालू होते, परंतु आजारी पडलेल्यांपैकी अनेकांचा त्या कामाशी थेट संबंध नव्हता. ते केवळ त्याच छताखाली वावरत होते. गोचीड तर कोणालाच चावली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात बाल्कन प्रदेशातील व ग्रीसमधील जर्मन सैन्यात 'बाल्कन ग्रिप' नावाच्या तापाच्या साथी आल्या. युद्धाच्या अखेरीस इटलीतील दोस्त सैन्याच्या तुकड्यांतही तसाच आजार पसरला. सैनिक गवताच्या गंज्यांत, गोठ्यांत, शेतघरांच्या माळ्यांवर मुक्काम करत. जेथे पेंढा आणि धूळ अधिक, तेथे रुग्ण अधिक, असे तपासात आढळले. १९४६ मध्ये टेक्सासमधील अमारिलो येथे आणि शिकागो येथे जनावरांच्या बाजारांशी व मांस-कारखान्यांशी संबंधित कामगारांत साथी आल्या. पुढे तर कपडे धुण्याच्या कारखान्यातील कामगारांनाही हा ताप झाल्याची नोंद झाली. त्यांनी जनावर पाहिलेही नव्हते. प्रयोगशाळेतून धुण्यासाठी आलेले कपडे तेवढे त्यांनी हाताळले होते.

निर्णायक पुरावा कॅलिफोर्नियातून आला. १९४७ पासून त्या राज्यात क्यू तापाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. दक्षिणेत दुभत्या गाईंभोवती आणि उत्तरेत मेंढ्या-शेळ्यांभोवती रुग्ण सापडत होते. १९५० च्या सुमारास संशोधकांनी व्यालेल्या गाईंच्या व मेंढ्यांच्या वारेतून जंतू वेगळा केला. एडविन लेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. बाधित जनावरे असलेल्या जागेतील धूळ त्यांनी तपासली, तेथील हवा यंत्राने शोषून घेऊन तीही तपासली. दोन्हींत जिवंत जंतू सापडले. जनावरे विण्याच्या हंगामात हवेतील जंतूंचे प्रमाण वाढते, हेही पुढे दिसून आले.

या निष्कर्षांनी साऱ्या चित्राची मांडणी बदलली. निसर्गात हा जंतू टिकवून ठेवण्यात गोचिडीचा वाटा असू शकतो. माणसाच्या बाबतीत मात्र मुख्य वाट चाव्याची नव्हती. माणूस हा रोग श्वासावाटे घेत होता.

वार, धूळ आणि वारा

ही वाट समजण्यासाठी जंतूचा स्वभाव पाहावा लागतो. कॉक्सिएला गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या शरीरात बहुधा गुपचूप राहतो. जनावर निरोगी दिसते, चरते, दूध देते. गाभण काळात मात्र तो गर्भाशयात, विशेषतः वारेत, अफाट वाढतो. बाधित वारेच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींपर्यंत जंतू असू शकतात. अशी शेळी किंवा मेंढी कधी शेवटच्या काळात गाभडते, कधी अशक्त पिलू देते, तर कधी काहीही न घडता सुखरूप विते. तिन्ही परिस्थितींत वार, गर्भजल आणि रक्त यांतून जंतू जमिनीवर येतात. शेण, लेंड्या, मूत्र आणि दूध यांतूनही ते बाहेर पडतात, परंतु विण्याच्या वेळचे प्रमाण सर्वांत मोठे असते.

बाहेर पडल्यावर बहुतेक जिवाणू ऊन, कोरडेपणा आणि उपासमार यांनी लवकर मरतात. कॉक्सिएलाची दोन रूपे असतात. पेशीच्या आत वाढणारे रूप मोठे आणि नाजूक असते. बाहेर टिकणारे रूप लहान, घट्ट आणि चिवट असते. हे दुसरे रूप कोरड्या मातीत, पेंढ्यात, लोकरीत महिनोन्महिने तग धरते. उष्णता आणि अनेक जंतुनाशके यांनाही ते बराच काळ दाद देत नाही. वार सुकते, तिचे कण शेणखतात मिसळतात, खत वाळते, त्याची धूळ होते आणि वारा ती उचलतो. संसर्गासाठी फार जंतूही लागत नाहीत. श्वासाबरोबर आत गेलेले एक ते दहा जंतूदेखील पुरेसे ठरू शकतात.

शरीरात शिरल्यावर हा जंतू आणखी एक अनपेक्षित गोष्ट करतो. आपल्या रक्षक पेशी जंतूंना गिळून एका आम्लयुक्त कप्प्यात ढकलतात आणि तेथे त्यांचे पचन करतात. इतर जंतू या कप्प्यातून सुटण्याची धडपड करतात. कॉक्सिएलाला मात्र तेच आम्ल मानवते. आम्लता वाढली की त्याची चयापचय क्रिया जोमाने सुरू होते आणि तो तेथेच वाढू लागतो. पेशीबाहेर, कृत्रिम माध्यमावर तो वाढवणे २००९ पर्यंत कोणालाही जमले नव्हते. ते अखेर साधले रॉकी माउंटन प्रयोगशाळेतच, आम्लयुक्त माध्यम आणि अत्यल्प प्राणवायू वापरून.

संसर्ग झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना काहीच जाणवत नाही. उरलेल्यांना दोन-तीन आठवड्यांनी ताप, तीव्र डोकेदुखी, कधी न्यूमोनिया, तर कधी यकृताचा दाह होतो. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त आणि सहज मिळणारे प्रतिजैविक वेळेत दिले तर गुण येतो. खरी भीती असते ती थोड्या रुग्णांत रेंगाळणाऱ्या संसर्गाची. ज्यांच्या हृदयाच्या झडपा आधीच सदोष आहेत किंवा ज्यांच्या रक्तवाहिन्यांत विकार आहे, त्यांच्यात हा जंतू महिन्यांनी किंवा वर्षांनी झडपांचा घातक दाह घडवतो. त्यावर दीड-दोन वर्षे औषधे घ्यावी लागतात. गरोदर स्त्रियांमध्ये गर्भाला धोका संभवतो. काहींना ताप गेल्यावरही वर्षानुवर्षे न हटणारा थकवा छळत राहतो.

वाऱ्याचा प्रवास किती लांबचा असू शकतो, हे पुढील दशकांत वारंवार दिसले. १९८३ च्या शरद ऋतूत स्वित्झर्लंडच्या एका दरीत आल्प्सच्या कुरणांवरून मेंढ्यांचे कळप गावांमधून खाली उतरले. त्यानंतर काही आठवड्यांत रस्त्याकडेच्या गावांत ४१५ रुग्णांची निश्चिती झाली. १९८९ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स भागात १४७ जणांना क्यू ताप झाला. तेव्हा शहराबाहेरच्या शेतांवरून जोरदार वाऱ्याने धूळ वस्तीत आणली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे तर पत्ते खेळायला जमलेली मंडळी आजारी पडली. ज्या घरात खेळ रंगला होता, तेथे एक मांजर व्याली होती.

दूध, लस आणि एक लष्करी प्रयोग

ज्ञान वाढले तसे उपायही आले. दुधातील जंतू मारण्यासाठी अमेरिकेत ६१.७ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे पाश्चरीकरण पुरेसे मानले जाई. कॉक्सिएला त्या तापमानातून कधी कधी वाचतो, असे कॅलिफोर्नियातील संशोधनात आढळल्यावर १९५६ मध्ये ही मर्यादा ६२.८ अंशांवर नेण्यात आली. केवळ एक अंशाचा हा फरक आज जगभर पाळल्या जाणाऱ्या प्रमाणाचा भाग आहे. तो क्यू तापाच्या अभ्यासातून आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ऑस्ट्रेलियाने लसीचा मार्ग धरला. बॅरी मार्मियन यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात कत्तलखान्यातील कामगारांवर चाचण्या झाल्या आणि १९८९ मध्ये लसीला परवाना मिळाला. आधी संसर्ग होऊन गेलेल्या व्यक्तीला ही लस दिली तर तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून प्रत्येकाची आधी त्वचा-चाचणी आणि रक्त-चाचणी करावी लागते. या अटीमुळे लसीचा वापर ऑस्ट्रेलियाबाहेर फारसा पसरला नाही.

याच ज्ञानाची काळी बाजूही होती. इतक्या थोड्या जंतूंनी, तेही हवेतून होणारा रोग लष्कराच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. १९५५ मध्ये अमेरिकी लष्कराने युटा राज्यातील डगवेच्या वाळवंटात स्वयंसेवक सैनिकांवर क्यू तापाच्या जंतूंचे तुषार सोडून प्रयोग केले. सैनिकांवर उपचार झाले आणि ते बरे झाले. तरीही रोग हवेतून पसरतो, हा वैद्यकाने काढलेला निष्कर्ष शस्त्र म्हणून पडताळून पाहिला गेला, हे वास्तव इतिहासात नोंदले गेले.

हेर्पेनचा धडा

सारे ठाऊक असूनही काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणजे नेदरलँड्स. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने गाईच्या दुधावर उत्पादन-मर्यादा घातल्या. शेतकरी शेळ्यांकडे वळले. १९८३ साली त्या देशात शेळ्यांची संख्या जेमतेम सात-आठ हजार होती. २००९ पर्यंत ती पावणेचार लाखांच्या घरात गेली. हे वाडे दाट लोकवस्तीच्या नॉर्थ ब्रबांट प्रांतात एकवटले होते. एकेका छताखाली शेकडो, कधी हजारांहून अधिक शेळ्या पेंढ्याच्या जाड थरावर राहत आणि जवळजवळ एकाच वेळी वीत.

२००५ पासून काही वाड्यांत शेळ्या मोठ्या संख्येने गाभडू लागल्या. कारण क्यू तापाचा जंतू असल्याचे पशुवैद्यकांना कळले. २००७ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात हेर्पेन या गावातील डॉक्टरांकडे न्यूमोनियाचे अनपेक्षितपणे बरेच रुग्ण येऊ लागले. त्या वर्षी देशात १६८ रुग्णांची नोंद झाली, पुढच्या वर्षी हजारांची आणि २००९ मध्ये २,३०० हून अधिक रुग्णांची. २०१० पर्यंत नोंदलेल्या रुग्णांची संख्या चार हजारांपुढे गेली. प्रत्यक्षात संसर्ग झालेल्यांची संख्या त्याच्या कित्येक पट असल्याचा अंदाज पुढील अभ्यासांतून आला. एका बाधित वाड्याभोवतीच्या अभ्यासात दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा धोका पाच किलोमीटरपलीकडे राहणाऱ्यांच्या सुमारे तीसपट आढळला. बहुसंख्य रुग्णांचा शेळ्यांशी काहीच संबंध नव्हता. ते त्या दिशेने येणारी हवा घेत होते, इतकेच.

उपाय टप्प्याटप्प्याने आले. २००८ मध्ये शेळ्यांचे सामूहिक गर्भपात कळवणे सक्तीचे झाले, त्यानंतर काही भागांत शेळ्यांचे लसीकरण सुरू झाले. तोवर आजार पसरला होता. अखेर डिसेंबर २००९ मध्ये बाधित वाड्यांतील सर्व गाभण शेळ्या मारण्याचा निर्णय झाला. काही महिन्यांत पन्नास हजारांहून अधिक जनावरे मारली गेली. लस दिलेली गाभण जनावरेही त्यात गेली, कारण त्यांतील कोणती बाधित आणि कोणती निरोगी, हे वेगळे ओळखण्याची खात्रीशीर सोय नव्हती. पालकांनी स्वतः वाढवलेले कळप डोळ्यांदेखत नाहीसे झाले. दुसऱ्या बाजूला, रेंगाळलेल्या संसर्गाने दगावलेल्यांची संख्या पुढील वर्षांत नव्वदीपार गेली.

साथ ओसरल्यावर नेमलेल्या चौकशी समितीने सरकारी यंत्रणा उशिरा हलल्याचा ठपका ठेवला. कृषी आणि आरोग्य ही दोन खाती एकमेकांच्या पुराव्याची वाट पाहत राहिली. कोणते वाडे बाधित आहेत, ही माहिती गोपनीयतेच्या कारणास्तव बराच काळ लोकांपर्यंत, स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंतही पोहोचली नाही. रोग कसा पसरतो, हे १९५० पासून पाठ्यपुस्तकांत होते. कोठून पसरतो, हे २००७ मध्ये पशुवैद्यकांना ठाऊक होते. शेजारच्या घरात राहणाऱ्या माणसाला मात्र ते कोणी सांगितले नव्हते. २०१८ मध्ये डच सरकारने रेंगाळलेला आजार सोसणाऱ्या रुग्णांना प्रत्येकी १५,००० युरो देऊ केले. गेलेले आरोग्य त्यातून परत येणार नव्हते, परंतु चूक मान्य झाली होती.

भारतातील नोंदी

न्यूझीलंड वगळता जगातील बहुतेक सर्व देशांत क्यू ताप आढळला आहे. भारतही त्याला अपवाद नाही. १९५४ मध्येच कालरा आणि तनेजा यांनी भारतातील रक्तद्रव-सर्वेक्षण प्रसिद्ध केले आणि या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे येथेही असल्याचे दाखवले. १९७० च्या दशकात यादव आणि सेठी यांनी उत्तर प्रदेशात पाळीव व रानटी प्राण्यांत त्याचा शोध घेतला. कर्नाटकातील दक्षिण कन्नड जिल्ह्यातूनही त्याच काळात नोंदी आल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी राजस्थानातील पुरावे १९८० च्या दशकात मांडले. २००८ मध्ये बरेलीजवळील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेशी संबंधित गटाने गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या नमुन्यांत पीसीआर चाचणीने या जंतूचा माग लावला. पुदुच्चेरी, पंजाब, गुजरात येथूनही अलीकडे अभ्यास आले आहेत.

या नोंदी विखुरलेल्या आहेत. त्यांतून जंतूचे अस्तित्व सिद्ध होते, ओझे किती हे कळत नाही. त्याची कारणेही समजण्याजोगी आहेत. तापाने फणफणलेला माणूस भारतातील दवाखान्यात येतो तेव्हा हिवताप, डेंगी, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस अशी लांबलचक यादी डॉक्टरांपुढे आधीच उभी असते. क्यू तापाची लक्षणे त्या सर्वांत मिसळून जाणारी आहेत. त्याचे निदान दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या रक्तनमुन्यांतील प्रतिपिंडांच्या तुलनेवर अवलंबून असते. ताप उतरलेला मजूर दुसऱ्यांदा रक्त द्यायला क्वचितच येतो. जंतू वाढवून पाहायचा तर उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. आणि स्क्रब टायफसच्या संशयाने दिलेली डॉक्सिसायक्लिन क्यू तापावरही चालते. रुग्ण बरा होतो, आजाराचे नाव मात्र कोणत्याही नोंदवहीत चढत नाही.

धोक्याची जागा मात्र लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १४.८८ कोटी शेळ्या आणि ७.४२ कोटी मेंढ्या आहेत. त्यांतील बहुसंख्य मोठ्या वाड्यांत नाहीत. त्या घरालगतच्या छपरात, अंगणात, कधी माणसांच्याच खोलीत बांधलेल्या असतात. शेळी अडली तर घरातली बाई उघड्या हातांनी करडू ओढून काढते. पडलेली वार उकिरड्यावर जाते किंवा कुत्र्यांपुढे. लेंड्यांचे खत वाळवून शेतात पसरले जाते. महाराष्ट्रात आणि दख्खनच्या इतर भागांत मेंढपाळांचे कळप रात्री शेतात बसवण्याची जुनी रीत आहे. ती जमिनीसाठी हितकारक आहे आणि मेंढपाळांच्या उपजीविकेचा आधारही आहे. या जीवनपद्धतीत क्यू तापाची वाट किती रुंद आहे, हे तपासण्याजोगे आहे. ते तपासताना मेंढपाळाला आरोपी करून चालणार नाही, कारण संसर्गाच्या सर्वांत जवळ तोच उभा आहे.

खबरदारीच्या गोष्टी साध्या आहेत आणि ब्रुसेलोसिससारख्या अधिक परिचित रोगांसाठीही त्याच उपयोगी पडतात. वार आणि गाभडलेले पिलू उघड्यावर न टाकता खोल पुरावे. विण्याच्या वेळी हातमोजे वापरावेत, नाका-तोंडावर फडके नव्हे तर योग्य मास्क असावा. गोठा झाडण्यापूर्वी पाणी शिंपडून धूळ बसवावी. धारोष्ण दूध पिण्याचा मोह टाळून ते उकळावे. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयाच्या झडपांचा आजार असलेल्यांनी जनावर विण्याच्या जागेपासून दूर राहावे. कळपात एकापाठोपाठ एक शेळ्या गाभडू लागल्या, तर ती बातमी पशुवैद्यकाबरोबरच गावच्या आरोग्य केंद्रालाही कळायला हवी.

ही शेवटची गोष्ट सांगायला सोपी, घडायला अवघड. माणसांचे आरोग्य, जनावरांचे आरोग्य आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या 'एक आरोग्य' या संकल्पनेला भारतात आता राष्ट्रीय मोहिमेचे रूप मिळाले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर येथे राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. अशा संस्थेची खरी परीक्षा क्यू तापासारख्या रोगांतच होईल. शेळी गाभडल्याची नोंद एका खात्यात होते, शेजाऱ्याच्या न्यूमोनियाची दुसऱ्या खात्यात आणि त्या दोन्हींमधल्या वाऱ्याची नोंद कोणाकडेच होत नाही.

डेरिक यांच्याकडे १९३५ साली ना जनुकीय चाचण्या होत्या, ना प्रतिजैविके. त्यांच्याकडे काही आजारी कामगार होते, थोडे गिनीपिग होते आणि 'हा ताप ओळखीचा नाही' असे म्हणण्याची तयारी होती. कारण न सापडलेल्या तापाला ओळखीच्या नावाखाली ढकलून देणे त्यांनाही सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही, नावाच्या जागी शंका लिहून ठेवली. भारतातील असंख्य अनामिक तापांपैकी काही तरी त्याच शंकेची वाट पाहत असतील.